अर्ध्या पडद्यावरच्या शिंदे सिस्टर

शिंदे सिस्टर दुसऱ्याचं काम बघायला लागल्या की स्वतःचं विसरायच्या. हा त्यांच्यातला दोष आहे असं मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, दोष नव्हे, नोकरी. तेहतीस वर्षं त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रांवर बाळंतपणं केली. बाळंतपणात करायचं ते बाई करते, सिस्टरनं नीट बघायचं आणि वेळेवर सांगायचं, असा त्यांचा हिशेब. त्यामुळं कुणी कणीक मळत असो, कुणी गाडी मागं घेत असो, सिस्टर बाजूला उभ्या राहून सांगायला सुरुवात करायच्या. लेकीकडं परदेशात, कॉर्कला राहायला आल्यावरही त्यात फरक पडला नाही. बसमध्ये ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर बसायच्या आणि पुढं सायकलवाला आहे, सिग्नल पडला, असं त्याला मराठीत सांगत जायच्या. ह्या देशात उतरताना ड्रायव्हरला थँक्यू म्हणायची पद्धत आहे. सिस्टर उतरताना ड्रायव्हरच त्यांना थँक्यू म्हणायचा.

मी चौथीपर्यंत शाळेत गेलो आणि पुढं पंचेचाळीस वर्षं भिंती बांधल्या, तासगावात आणि आसपास. मंडळी वारल्यावर मुलानं इकडं पोर्टलीशला आणलं. लिहिण्यात चुका असतील. भिंतीत नाहीत.

सिस्टरांची माझी पहिली गाठ पोर्टलीशच्या एका हॉलमध्ये पडली. डब्लिनकडची आणि कॉर्ककडची मराठी माणसं गणपतीला मधे कुठंतरी जमायची म्हणून पोर्टलीश. मी मखराला मागून आधाराच्या फळ्या ठोकत होतो. पाठीमागून आवाज आला की डावी फळी वर आहे. वळून बघितलं तर बुटकी बाई, निळं पातळ, वर जाड स्वेटर आणि स्वेटरला छातीवर पिनेनं टोचलेलं उलटं घड्याळ, नर्सबायका लावतात तसलं. मी म्हणालो, फळी बरोबर आहे, जमीन तिरकी आहे. त्यांनी खाली वाकून जमीन बघितली.

"जमिनीला कशाला बोल लावता," त्या म्हणाल्या. "ती आपल्या आधीपासून इथं आहे."

त्याच दिवशी आरतीला एक पोटुशी पोरगी उभी होती. सिस्टरांनी तिच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि तिच्या नवऱ्याला सांगितलं, प्रसाद राहू दे, हिला आत्ता दवाखान्यात न्या. नवरा इतका घाबरला की बायकोला गाडीत घालून स्वतःचे बूट हॉलमध्ये विसरून गेला. दवाखान्यात तपासून त्यांना घरी पाठवलं. बाळ नऊ दिवसांनी झालं. पुढं कुणी ही गोष्ट काढली की सिस्टर सांगायच्या, माझं बरोबर होतं, बाळाला उशीर झाला.

त्यांची लेक रूपाली आणि माझा मुलगा नितीन डब्लिनला एका कॉलेजात होते. त्या दोघांनी मिळून आम्हाला टीव्हीवरच्या एका खेळात अडकवलं. हिवाळ्यात म्हातारा दिवसभर भिंतीकडं बघत बसतो हे नितीनला बघवेना. मी भिंतीकडं बघत होतो कारण ती पोकळ होती. वाजवून बघितली, पुठ्ठ्यासारखी वाजली. अशा भिंतींच्या आत माणसं निवांत झोपतात ह्याचा मी विचार करत होतो. पण नितीनला वाटलं माझं मन लागत नाही. त्यानं टीव्हीला एक यंत्र जोडलं, माझ्या हातात बटणांचा कंट्रोलर दिला, कानाला हेडफोन लावले, आणि कानात सिस्टरांचा आवाज आला, "मिस्त्री, चष्मा घाला आधी."

खेळ असा. पुरात एक पाणचक्की वाहून गेलेली असते. एक बेडूक आणि एक उंदीर, दोघांनी मिळून ती परत बांधायची. बेडूक मी, उंदीर सिस्टर. बेडूक जड ते उचलणार, उंदीर बिळातून पलीकडं जाऊन कडी काढणार, मग बेडूक आत येणार. एकट्यानं एक पाऊल पुढं जाता येत नाही. पडद्याच्या मधोमध उभी रेघ. डाव्या अर्ध्यात माझा बेडूक, उजव्या अर्ध्यात त्यांचा उंदीर. मी पोर्टलीशला, त्या कॉर्कला, तरी दोघांच्या टीव्हीवर दोघांचं सगळं दिसणार.

मी नितीनला म्हणालो, बाईंचा अर्धा भाग काढून टाक, मला माझा टीव्ही पुरा पाहिजे. त्यानं खेळाच्या सगळ्या सोयी उघडून बघितल्या आणि सांगितलं की तो निघत नाही. एका खोलीत बसून खेळा नाहीतर दोन गावांत बसून, बनवणाऱ्यांनी ती रेघ सक्तीचीच ठेवली आहे. त्यांचं म्हणणं, दुसरा काय करतोय ते दिसलंच पाहिजे. मी म्हणालो, मी पंचेचाळीस वर्षं भिंती बांधल्या त्या दुसऱ्या गावातल्या गवंड्याकडं न बघता. नितीन म्हणाला, बाबा, खेळा.

सिस्टरांना मात्र ही रेघ फार आवडली. दुसऱ्याचं काम घरबसल्या बघायला मिळतं आणि त्यानं तक्रार करायची सोय नाही, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. रोज सकाळी अकरा ते बारा आम्ही खेळायचो. त्या एका तासात त्यांचं लक्ष माझ्या अर्ध्यात. मिस्त्री, वर शिडी आहे. मिस्त्री, मागं खड्डा आहे. ती फळी नव्हे, पलीकडची. हे चाललेलं असताना उजव्या अर्ध्यात त्यांचा उंदीर चालत चालत पाण्यात पडायचा, चाकाखाली यायचा, एकदा तर चुलीत गेला. त्या म्हणायच्या, "ग्रँड." हा शब्द इथली माणसं बरं आहे ह्या अर्थानं वापरतात. सिस्टर तो काहीतरी बिघडलं की वापरायच्या. रूपालीनं भाजी करपवली, ग्रँड. जावयाची लुआस ट्राम चुकली, ग्रँड. उंदीर मेला, ग्रँड, मिस्त्री, तुम्ही शिडी धरा.

दर पंधरा मिनिटांनी त्या छातीवरच्या घड्याळात बघून खेळ थांबवायच्या आणि पाणी प्या म्हणायच्या. मी प्यायलो की नाही हे पडद्यावर दिसत नव्हतं. तरी मी प्यायचो.

एकदा खेळात दाराच्या चौकटीवर तुळई न घालता तशीच भिंत चढवायची वेळ आली. मी नाही म्हणालो. अशी भिंत उभी राहत नाही आणि माझ्या हातून ती होणार नाही. दोन दिवस मी त्या जागेवर बेडूक उभा करून ठेवला. तिसऱ्या दिवशी सिस्टर शांतपणे म्हणाल्या की मिस्त्री, हा बेडूक आहे, लोकांची ह्याच्याकडून तेवढीच अपेक्षा आहे. मग बांधली. पण ती भिंत बेडकानं बांधली, मी नाही.

त्यांच्या बोलण्याचा मला शेवटी इतका वैताग आला की मी एक दिवस टीव्हीच्या उजव्या अर्ध्यावर पंचा टाकला. वरून दोन कपड्यांचे चिमटे लावले. आता माझ्या घरात फक्त माझा बेडूक. बोलणं चालूच होतं, पण दिसत नव्हतं हे काय कमी होतं. तीन दिवस मी असा खेळलो. खेळ पुढं सरकेना. मी दार उचलून धरायचो आणि उंदीर पोचायच्या आधीच सोडून द्यायचो, कारण तो कुठं आहे हे मला कळत नव्हतं. चौथ्या दिवशी मी दार सोडलं ते उंदराच्या शेपटीवर.

"मिस्त्री," कानात आवाज आला. "टीव्हीवर काय टाकलंय?"

काहीच नाही, असं मी म्हणालो.

"तुमचा बेडूक तीन दिवस माझ्यासाठी थांबत नाही. आधी थांबायचा. काय टाकलंय?"

"पंचा."

"धुतलेला तरी आहे का?"

मी पंचा काढला. त्यावर त्या पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत. रूपालीला मात्र त्यांनी सांगितलं असावं, कारण त्या दिवाळीला फराळाच्या डब्याबरोबर कॉर्कहून माझ्यासाठी नवीन पंचा आला.

आता सिस्टर कॉर्कला कशासाठी होत्या ते सांगतो. त्यांची नात आर्या, सात वर्षांची. रूपालीची दवाखान्यात नोकरी, पाळी कधी पहाटे, कधी दुपारी. जावई डब्लिनजवळ सँडीफोर्डला नोकरीला, आठवड्यातले तीन दिवस तिकडंच. पोरीला शाळेत सोडणं आणि आणणं हे सिस्टरांचं काम. मी एकदा सहज म्हणालो की आपण दोघं इथं पाहुणेच. त्या म्हणाल्या, तुम्ही असाल, मला ड्यूटी आहे.

शाळेच्या फाटकासमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारा एक म्हातारा असायचा, पिवळा कोट, हातात काठीवर गोल पाटी. त्यानं पाटी उभी केली की गाड्या थांबतात आणि सगळे जातात. सिस्टर जात नसत. त्या आधी उजवीकडं बघत, मग डावीकडं, मग परत उजवीकडं, आणि मगच आर्याला चल म्हणत. वर्षभरात त्या म्हाताऱ्याला अशी सवय लागली की तो पाटी खाली घेण्याआधी सिस्टरांकडं बघून घ्यायचा. हे मला नितीननं सांगितलं, तो एकदा रूपालीकडं गेला होता तेव्हा त्यानं डोळ्यांनी बघितलं. पण शाळेच्या अलीकडं एक मोठा चौक होता, गोल फिरणाऱ्या गाड्यांचा, आणि तिथं पाटीवाला नव्हता. तिथं सिस्टरच.

मागच्या वर्षी फेब्रुवारीत सिस्टर माझ्या बेडकाबद्दल बोलायच्या बंद झाल्या.

आधी मला वाटलं, जिंकलो. चार-पाच दिवस मी सुखानं खेळलो. शिडी कुणी दाखवत नाही, खड्डा कुणी दाखवत नाही. उंदीरही मरेना झाला. सिस्टर स्वतःच्या अर्ध्यात बघून खेळत होत्या, इतर माणसं खेळतात तशा. सहाव्या दिवशी मला जेवण जाईना. जो माणूस तेहतीस वर्षं दुसऱ्याकडं बघत आला, तो एका आठवड्यात सुधारत नाही. निदान आमच्या वयाचा नाही.

आमच्या धंद्यात भिंतीला तडा गेला की आम्ही आधी त्यावर काचेची एक पातळ पट्टी आडवी बसवतो, दोन्ही टोकं सिमेंटनं पक्की करून. मग पंधरा दिवस कुणी हात लावायचा नाही. काच शाबूत राहिली तर तडा जुना आहे, भिंत स्थिर आहे. काच तुटली तर भिंत अजून हलते आहे, तिथं माणूस झोपवायचा नाही. मालक काही का म्हणेना, काच खोटं बोलत नाही.

मी बेडकाची पट्टी केली. पहिल्या दिवशी बेडूक सरळ चुलीत घातला. सिस्टर काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला चक्कीच्या चाकावर उभा करून गोल गोल फिरवला, दहा मिनिटं. काही नाही. तिसऱ्या दिवशी बेडकाला तुळईशिवाय पाच पुरुष उंच भिंत चढवायला लावली आणि ती त्याच्याच डोक्यावर पाडली. सिस्टर म्हणाल्या, मिस्त्री, पाणी प्या.

मी पाणी प्यायलो नाही. मी विचारलं की सिस्टर, मी आत्ता कुठं आहे?

"तुमच्या जागेवर," त्या म्हणाल्या.

बेडूक त्या वेळी पडलेल्या भिंतीसकट नदीच्या तळाशी होता.

त्याच आठवड्यात त्यांनी मला एक गोष्ट हसत हसत सांगितली होती. चौकात एका गाडीवाल्यानं करकचून ब्रेक मारला आणि काच खाली करून ओरडला. इथली माणसं पूर्वी किती सभ्य होती, सिस्टर म्हणाल्या, आणि हा बाबा कुठून आला कळलंच नाही, रस्ता तर मोकळा होता. ते ऐकताना मीही हसलो होतो. आता नदीच्या तळाशी बसलेल्या बेडकाकडं बघताना मला ती गोष्ट पुन्हा ऐकू आली, आणि तिच्यात सिस्टरांच्या हाताला धरून आर्या उभी होती.

मी म्हणालो, "सिस्टर, तुम्हाला माझी बाजू दिसत नाही."

उंदीर जागेवर उभा.

"तुमच्याकडं बघितलं की माझा उंदीर जातो," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बघितलं की तुमचा बेडूक जातो. पाइपातून बघतो ना माणूस, तसं. डावा डोळा जास्त."

मी विचारलं, किती दिवस. दिवाळीच्या आधीपासून, त्या म्हणाल्या. कुणाला माहीत आहे. कुणाला नाही. काय आहे हे. त्यावर त्या हसल्या, जराशा. म्हणाल्या, तेहतीस वर्षं लोकांना दवाखान्यात पाठवत आले, ह्याचं नाव मला ठाऊक नसेल का. काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, कडेकडेनं खात आत येतो. गेलं ते परत येत नाही, उरलं ते औषधानं टिकतं.

"मग औषध?"

"औषधाला डॉक्टर लागतो. डॉक्टर रूपालीला सांगणार. रूपाली मला पोरीबरोबर फाटकाबाहेर जाऊ देणार नाही. मग मी इथं कशाला, मिस्त्री? खुर्चीत बसायला मला साताऱ्याला घर आहे."

मग त्यांनी माझ्याकडं शब्द मागितला, कुणाला बोलणार नाही म्हणून. मी दिला नाही. मी सांगितलं की उद्यापासून पोरीला त्या चौकातून न्यायचं नाही. नेलंत तर मी आत्ता उठून रूपालीला फोन करतो. त्या चिडल्या. मला अडाणी म्हणाल्या. मी म्हणालो, आहे. शेवटी त्यांनी कबूल केलं की गुडघा दुखतोय असं घरी सांगून शेजारच्या बाईला पोरीला न्यायला सांगतील. ती बाई तिच्या मुलाला त्याच शाळेत सोडायची. दुसऱ्या दिवशी मी नितीनकडून आडून चौकशी केली. सिस्टरांचा गुडघा दुखत होता. आर्या शेजारणीच्या गाडीतून जात होती.

रस्ता सुटला, पण डोळे राहिले. रूपालीला मी सांगितलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. नितीन आजही मला विचारतो, का नाही सांगितलं. पोरीच्या जिवाला धोका असता तर सांगितलंच असतं. पण आता उरले होते ते सिस्टरांचे डोळे, आणि ज्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांच्या घरी जाऊन खरं काय ते तोंडावर सांगितलं, तिचं खरं तिच्या घरी दुसऱ्यानं सांगायचं हे मला पटेना. ते त्यांनीच सांगायला पाहिजे होतं. आणि लवकर. एक एक दिवस आतली काच तडकत होती.

तेव्हा मी मला येत होतं ते केलं. काम बंद.

सोमवारी अकरा वाजता मी खेळ लावला, बेडूक चक्कीच्या मोठ्या दाराशी नेला आणि खाली बसवला. ते दार बेडकानं उचलल्याशिवाय उघडत नाही. कंट्रोलर मांडीवरून काढून टेबलावर ठेवला आणि म्हणालो, "तुम्ही रूपालीला सांगेपर्यंत हा उठणार नाही."

सिस्टर म्हणाल्या, ग्रँड.

त्यांना वाटलं मी दोन दिवसांत थकेन. तुळईवरून दोनच दिवस टिकलो होतो हे त्यांच्या लक्षात होतं. मंगळवारी अकराला त्यांनी उंदीर दारापलीकडं आणून उभा केला. मी बसलेला, त्या उभ्या. बारा वाजले, दोघांनी बंद केलं. बुधवारी तेच. दर पंधरा मिनिटांनी त्या पाणी प्या म्हणायच्या, मी प्यायचो, बाकी एक शब्द नाही. नितीन एकदा घरी होता, त्यानं पंधरा मिनिटं मागं उभं राहून बघितलं आणि विचारलं की खेळ अडकलाय का. मी म्हणालो, नाही, चाललाय.

पडद्याच्या दोन्ही बाजू मला दिसत होत्या. डावीकडं बसलेला बेडूक, उजवीकडं उभा उंदीर, मधे रेघ. सिस्टरांना फक्त त्यांचा उंदीर दिसत होता. किंवा त्या मान वळवून बेडूक उठलाय का ते बघत असतील, आणि तेवढ्यापुरता त्यांचा उंदीर जात असेल. बुधवारी दोनदा तो आपोआप थोडा सरकला, तेव्हा त्या माझ्याकडंच बघत असाव्यात.

शनिवार-रविवार सुट्टी. दुसऱ्या सोमवारी मी बसलो, त्या आल्या नाहीत. उजवा अर्धा काळा, वर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, दुसरा खेळाडू नाही असं नितीन म्हणाला. मंगळवारी काळा. बुधवारी काळा. मी रोज अकरा ते बारा बसलो. उठायचं कारण नव्हतं. गुरुवारी मला वाटलं, मी एका बाईला तिच्या एकमेव करमणुकीतूनही उठवलं आणि डोळ्यांचंही काही केलं नाही. फोन हातात घेतला. रूपालीच्या नावापुढं नितीननं उंदराचं चित्र लावून ठेवलं होतं, मला वाचायला सोपं म्हणून. शुक्रवार उजाडू दे, असं ठरवून ठेवून दिला.

शुक्रवारी अकराला पाच मिनिटं असताना उजवा अर्धा उजळला. उंदीर दारापाशी आला.

"मिस्त्री, सांगितलं."

"काय म्हणाली?"

"आधी रडली. मग ओरडली. मग डॉक्टरची वेळ घेतली. ह्याच क्रमानं." पुढं म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी अर्धा तास तपासलं. थेंब दिलेत, डाव्या डोळ्याला ऑपरेशन सांगितलंय. यंत्राला हनुवटी टेकून मी डॉक्टरला म्हटलं, तुझा हात थरथरतोय. तो म्हणाला, माझा नाही, तुमची हनुवटी."

मी कंट्रोलर उचलला.

"आणि पोरगी?" मी विचारलं.

"नेणं बंद." एवढंच. मग म्हणाल्या, "दार उघडा आता. आठवडाभर उभी आहे."

मी दार उचललं. उंदीर खालून आत आला. मी थांबलो, तो पुरता आत येईपर्यंत.

त्यानंतर आमच्या खेळात एक बदल झाला. सिस्टरांना माझी बाजू दिसत नव्हती, म्हणून मी ती बोलून सांगायला लागलो. शिडीवर आहे. दोन पायऱ्या राहिल्या. उजव्या हाताला फळी, ती मी धरतो, तुम्ही खालून या. तासभर माझं तोंड बंद नसायचं. एक दिवस नितीन म्हणाला की बाबा, तुम्ही शिंदे काकूंसारखे बोलता. मी त्याला सांगितलं, ऑफिसला जा.

चक्की मे महिन्यात पुरी झाली. शेवटी बेडूक आणि उंदीर छपरावर बसतात, मधली रेघ निघून जाते आणि पुऱ्या टीव्हीवर एकच चित्र येतं, नदीचं. सिस्टरांना ते दिसेना, कारण मोठं होतं. मी सांगितलं. नदी आहे, पलीकडं झाडं, छपराचा उतार चुकलाय. त्या म्हणाल्या, उतार कसा आहे ते नीट सांगा. मी सांगितला.

सिस्टर त्या डिसेंबरात साताऱ्याला गेल्या, थोरल्या मुलाकडं महिन्याभरासाठी, आणि तिथंच जानेवारीत झोपेत गेल्या. डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता, हृदय थांबलं. रूपालीनं फोन करून सांगितलं, थेंब शेवटच्या रात्रीपर्यंत वेळेवर घातले होते.

त्याच्या आधी, ऑक्टोबरात, नितीनला कॉर्कला काम निघालं आणि मी गाडीत बसलो. ऑपरेशन होऊन गेलं होतं. न सांगता जायचं, शाळा सुटायच्या वेळेला चौकात गाठायचं, असं मी ठरवलं होतं. रूपालीची बंदी तोवर थोडी सैल झाली आहे एवढं कानावर होतं, पण कशी, ते माहीत नव्हतं. आम्ही चौकाच्या अलीकडं, कडेला गाडी लावली. बारीक पाऊस पडत होता.

त्या आल्या. निळं पातळ, पावसाचा मोठा कोट, पायात बूट. आर्या त्यांच्या डाव्या बाजूला. सिस्टरांनी पोरीचा हात धरला नव्हता, पोरीनं सिस्टरांची बाही धरली होती, कोपराच्या वर, घट्ट. दोघी काठावर थांबल्या. सिस्टर उजवीकडं बघत होत्या. पोरगी डावीकडं बघत होती. आमची गाडी डावीकडंच होती, वीस पावलांवर. आर्यानं मला बघितलं. गणपतीला बघितलेलं, म्हणून ओळखलं असावं, कारण तिचा चेहरा बदलला. पण तिनं हात हलवला नाही, काही बोलली नाही. ती पुन्हा रस्त्याकडं बघायला लागली.

नितीन हॉर्नकडं हात नेत होता. मी त्याचा हात धरला. रस्ता ओलांडणाऱ्याला हाक मारायची नसते.

एक गाडी गेली, मग एक ट्रक. सिस्टर वाट बघत उभ्या होत्या, मान किंचित पोरीकडं कलती, काही ऐकायचं असल्यासारखी. पोरगी काहीतरी म्हणाली. सिस्टरांनी पाऊल टाकलं.